चोंगा कोणाच्या हाती

या अंकासाठी काहीतरी लिहा म्हणून संपादक बाईंचे तीन निरोप आले. नाही म्हणायला मी स्वतः त्यांच्या घरी गेले, कारण नकार दुसऱ्याच्या तोंडून पाठवला की तो पोहोचेपर्यंत होकार होतो, असा माझा अनुभव आहे. त्यांच्या टेबलावर दोन कॉम्प्युटर शेजारी शेजारी होते. बाईंनी एकावर बोट आपटलं आणि इकडचा अख्खा लेख तिकडे गेला. शाळेतून पहिला नंबर आणलेल्या पोरासारखं तोंड करून त्या मला म्हणाल्या, "बघा, थेट. आता कोणालाही जमतं. मधे कोणी नाही."

मी चहा पीत होते म्हणून पटकन बोलले नाही. पण नकार द्यायचा राहून गेला. ती जी मधली जागा आहे ना, तिथे माझी सगळी नोकरी गेली. खुर्ची लाकडी होती आणि एक पाय आखूड होता.

तेव्हा वाशीम जिल्हा नव्हता, आम्ही अकोल्यात मोडत होतो. सत्तरच्या दशकाची ती सुरुवातीची वर्षं. तालुक्याच्या गावी टेलिफोन एक्स्चेंज होतं, तिथे मी ऑपरेटर लागले. गावाचं नाव लिहीत नाही. खात्यातले काही लोक अजून हयात आहेत आणि त्यांना वेळ भरपूर आहे.

आजच्या लोकांना ते काम सांगायचं तर असं. भिंतीला टेकून एक लाकडी बोर्ड. त्यावर बारकी बारकी झाकणं, प्रत्येक झाकण म्हणजे एक फोन. डॉक्टर, पोलीस ठाणं, तहसील, जिनिंग, आठ-दहा अडते. डॉक्टरांनी आपल्या घरी फोनची दांडी फिरवली की इकडे त्यांचं झाकण टपकन खाली पडायचं. मी दोरीचा एक प्लग त्यांच्या भोकात घालायची, "नंबर प्लीज" म्हणायची, आणि त्यांना कोण पाहिजे ते ऐकून दोरीचं दुसरं टोक त्याच्या भोकात. झालं. दोन माणसं जोडली. बाहेरगावचा कॉल असेल तर मी वाशीमला सांगायची, वाशीम अकोल्याला, अकोला पुढे. कधी तासात लागायचा, कधी संध्याकाळी. लाइन लागेपर्यंत काही लोकांचं काम आपोआप झालेलं असायचं. एकदा एका अडत्याने यवतमाळला कॉल बुक केला आणि कॉल लागायच्या आत यवतमाळचा माणूस एसटीने येऊन त्याच्या दुकानात बसला. तरी त्याने कॉल रद्द केला नाही. बुक केलाच आहे तर त्याच्या घरच्यांची खुशाली विचारू म्हणाला.

हा अडत्या मोठा सावध. ऑपरेटर ऐकते म्हणून कापसाला कधी कापूस म्हणायचा नाही, 'पाहुणे' म्हणायचा. पाहुणे शनिवारी पाठवा, पाहुणे ओले आहेत, दोन पाहुणे फाटले. पूर्ण एक्स्चेंजला पाहुणे म्हणजे काय ते माहीत होतं. त्याच्या घरी खरे पाहुणे आले की पंचाईत व्हायची.

रामनवमीच्या यात्रेला एकदा मला पोहरादेवीला पाठवलं. तिथे यात्रेपुरता फोन ठेवला होता. एक बाप्पा आले, मुंडासं बांधलेले, घरी फोन लावा म्हणाले. गाव विचारलं तर त्या गावात फोनच नाही. मी तसं सांगितलं. ते म्हणाले, "इकडून त आहे ना?" मी म्हटलं, दोन्हीकडे लागतो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू खात्याने एवढा पैसा खर्च करून अर्धंच काम केलं आणि त्याचं मला काहीच वाटत नाही. माझ्यामागे बसलेल्या खात्याच्या माणसाकडेही त्यांनी तसंच पाहिलं. मग चोंगा हातात घेऊन, कानाला लावून, "मी पोचलो" एवढं बोलून ते गेले. त्यांचं समाधान झालं. माझं आजवर झालं नाही.

आता खरी गोष्ट सांगते, तिच्यासाठीच बसले आहे लिहायला.

केनवडच्या बाजाराला ज्या गावांची माणसं पायी येत, त्यांतल्या एका गावच्या पोस्टात फोन बसला. पोस्ट म्हणजे शाळेच्या मास्तरांच्या घराची पुढची खोली. मास्तरच पोस्टमास्तर. खांबावरून एक तार आमच्या बोर्डापर्यंत आली आणि माझ्या बोर्डावर एक नवं झाकण. मला वाटलं, चला, आता खेड्यातला माणूस बोलेल. बोलला. पण माझ्याशी.

लोक यायचे, चोंगा धरायचे आणि मलाच सगळं सांगून मोकळे व्हायचे. "बाई, नागपूरले आमच्या साळ्याले सांगजा, म्हैस व्याली, कालवड झाली." बस. चोंगा ठेवून घरी. मी तिकडे नागपूरचा साळा शोधून आणते तोवर इकडे कोणी नाही. एका बाईला नागपूरला गिरणीत असलेल्या नवऱ्याशी बोलायचं होतं. विशिष्ट माणसाच्या नावाचा कॉल असेल तर बुक करताना नाव लागतं, आणि नवऱ्याचं नाव घेणार कशी? 'धोंडूचा बाप' एवढंच म्हणाली. मी तसंच नागपूरला लिहून दिलं. नागपूरची ऑपरेटर शांतपणे म्हणाली, इथे तसे बरेच असतील, गिरणी कोणती ते सांगा.

आमच्याकडे निरोपाची रीतच होती. एसटीच्या ड्रायव्हरजवळ निरोप, बाजाराला जाणाऱ्याजवळ निरोप. थेट बोलणं उद्धटपणाचं. सासऱ्याशी सून थेट बोलत नसे, पोराकडे बघून बोले आणि सासरा ऐके. मी स्वतः अशाच घरातली. तरी मला राग यायचा. खांब रोवले, तार ओढली, आणि शेवटी तिचा उपयोग काय, तर मला निरोप्या करायला.

म्हणून एका सुटीच्या दिवशी एसटीने त्या गावी गेले. जाड पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून नेलं. चोंग्याचं कोणतं टोक कानाला, कोणतं तोंडाला. ऑपरेटर बाईला फक्त गाव आणि नाव सांगा, काम सांगू नका. समोरच्याचा आवाज आला की त्याच्याशी बोला. लाइन बारीक होती, दोघं एकदम बोलले की दोघांचंही बुडायचं, म्हणून लिहिलं की आपलं बोलून झालं की 'झालं' म्हणा आणि थांबा, मग तो बोलेल. मास्तरांनी पुठ्ठा भिंतीला ठोकला. वाचता येणाऱ्यांनी न येणाऱ्यांना वाचून दाखवला. पंधरा दिवसांत लोक 'झालं' म्हणायला शिकले. मास्तर सांगायचे, आता घरात भांडतानाही म्हणतात, त्यामुळे भांडणं लांबतात.

पण एक गोष्ट मला पुठ्ठ्यावर लिहायची सुचली नाही. गावात ठरून गेलं होतं की चोंगा शिकलेल्या माणसाने धरायचा. पत्र जसं शिकलेला वाचून दाखवतो, तसाच फोन. ज्याचं काम तो बाजूला उभा, शिकलेला माणूस चोंगा कानाला लावून ऐकतो, मग वळून सांगतो की तिकडचा असं असं म्हणतो. कानाने ऐकायला शिक्षण लागत नाही हे कोणाच्या डोक्यातच नव्हतं. मी मधून हटले आणि तिथे दुसरा येऊन उभा राहिला.

त्या गावचा चोंगा धरणारा म्हणजे देवराव. सातवी शिकलेला, इस्त्रीचा सदरा, खिशाला पेन. वाईट माणूस नव्हता. अर्ध्या गावचे अर्ज त्याने लिहिले, सरकारी कागद आला की पारावर वाचून दाखवायचा, कोणाकडून कपभर चहाही घ्यायचा नाही. त्याचा मोठा भाऊ तुळशीराम. अंगठेबहाद्दर, थोडी कोरडवाहू जमीन, बाकी मजुरी. तुळशीरामची पोरगी शांता अकोल्याला नर्सिंगच्या शाळेत होती. आमच्याच समाजातली, बौद्ध. छप्पन सालानंतर आमच्या लोकांनी पोटाला चिमटा घेऊन पोरं शिकवली, त्यांतलंच हे घर. मी त्यांना ओळखत नव्हते, पण त्यांच्या घरात काय चाललं असेल ते मला झोपेतून उठवलं तरी सांगता आलं असतं. माझा बाप गिट्टी फोडत होता आणि मी नंबर प्लीज म्हणत होते.

एका शुक्रवारी दुपारी त्या गावचं झाकण पडलं. देवराव बोलत होता. अकोल्याच्या नर्सिंग शाळेचं वसतिगृह, शांताच्या नावाने कॉल. तासाभराने लागला. लाइन एवढी बारीक होती की मधे कान ठेवून धरावी लागत होती, नाहीतर तुटायची. कामापुरतं ऐकायची मुभा होती. कामापुरतं म्हणजे किती, ते कुठे लिहिलेलं नव्हतं.

देवराव पुतणीला म्हणाला, स्थळ आलं आहे, पोरगा ग्रामसेवक आहे, माणसं चांगली आहेत, तुझं काय म्हणणं आहे ते बाबाला सांगायचं आहे. मग 'झालं' म्हणाला.  पोरगी म्हणाली, "काका, मले नाई कराचं लगन. दोन वर्सं राह्यले माह्ये. नर्स होऊ द्या मले, मंग जो म्हनसान त्याच्याशी करतो. बाबाले हे असंच सांगजा."

देवरावने तोंड बाजूला केलं, पण चोंगा हातातच होता, मला सगळं येत होतं. तो भावाला म्हणाला, "दादा, पोरगी म्हन्ते, तुमी म्हनसान तसं."

मागून तुळशीरामचा आवाज आला, खुश झालेला. बरं झालं म्हणाला. बस्स, कॉल संपला.

मी दोरी काढली. बोर्डावर दोन झाकणं पडलेली होती, ती घेतली. हात काम करत होते. मनात म्हटलं, कसा माणूस आहे हा? पण खरं सांगायचं तर मला त्याचंही कळत होतं. पोरी पहिल्यांदा नाहीच म्हणतात, मग नांदतात, असं तो मानत असणार. तेव्हा सगळेच मानत. आपण भावाच्या पोरीचं भलंच करून राह्यलो, हा त्याचा विश्वास पक्का होता.

ऑपरेटर लागताना आम्ही सही करून शपथ घ्यायचो. बोर्डावर ऐकलेलं बोर्डावरच ठेवायचं. नवरा-बायकोचं असो, चोराचं असो, कलेक्टरचं असो. मी तेव्हा कायम झाले नव्हते. आमचे सुपरवायझर साहेब खुर्ची हलली तरी मेमो द्यायचे. घरी जेवताना आईजवळ नाव न घेता बोलले, एका पोरीचं असं असं आहे. आई भाकर थापता थापता म्हणाली, दुसऱ्याच्या चुलीत फुंकर मारायला गेलं की राख आपल्याच डोळ्यात जाते, तुझी नोकरी आधी पक्की होऊ दे. मला हवं होतं तेच ती बोलली. मी पोटभर जेवले, हेही लिहून ठेवते.

शनिवार गेला, रविवार गेला. त्या गावचं झाकण पडलं की मी दचकायची. म्हशी व्यायच्या, पाहुणे यायचे, तुळशीरामच्या घरचं काही नसायचं. मास्तरांशी रोज डाकेच्या कामाचं बोलणं व्हायचं. एकदा ओठावर आलं होतं. मी त्यांना पुठ्ठा नीट आहे का, एवढंच विचारलं.

पुढच्या शुक्रवारी पुन्हा देवराव. पुन्हा तेच वसतिगृह, तेच नाव. उत्साहात होता. रविवारी साखरपुडा आहे, पोरीला गाडीत बसायला सांगायचं आहे, दादाही बाजूला उभा आहे, असं मला न विचारता सांगितलं. मी पुठ्ठ्यावर लिहिलं होतं की ऑपरेटर बाईला काम सांगू नका, ते त्याने स्वतःच गावाला वाचून दाखवलं होतं.

कॉल लागायला दीड तास लागला. त्या दीड तासात मी काय विचार केला ते आठवत नाही. एवढंच आठवतं की अकोल्याची ऑपरेटर म्हणाली, पोरगी आली आहे, बोला. आणि मी तिला म्हटलं, एक मिनिट. मग बोर्डावरची गावाकडची कळ खाली केली आणि देवरावला जे बोलले ते माझ्या तोंडून इतकं सहज निघालं की मलाच नवल वाटलं.

मी म्हटलं, विद्यार्थिनीच्या कॉलला नियम बदलला आहे. वसतिगृहातल्या मुलीशी फक्त बाप किंवा आई बोलू शकते. वडील असतील तर त्यांच्या हाती चोंगा द्या.

देवराव म्हणाला, "त्याले नाई जमत बाई. म्याच बोलत असतो."

"मग कॉल रद्द करते."

"नियमाचा कागद आला का?"

"मास्तरांकडे येईल, डाकेने."

दुसरा कोणी असता तर भांडला असता. पण देवरावचा सरकारी नियमावर भारी भरवसा. उभा जन्म त्याने लोकांना नियम वाचून दाखवण्यात घालवला होता. त्याने निमूट चोंगा भावाला दिला. खडखड झाली. तुळशीरामने उलटा धरला असावा, कारण मास्तरांचा आवाज आला, असा नाही, असा. मग धापा टाकल्यासारखा श्वास ऐकू आला. माणूस पहिल्यांदा विहिरीत डोकावतो तसा तो चोंग्यात डोकावत असणार.

मी दोन्ही टोकं जोडली.

शांताला वाटलं, काकाच आहे. तिला कोण सांगणार? ती सुरूच झाली. आवाज रडवेला नव्हता, दमलेला होता. "काका, तुमी बाबाले सांगतलंच नाई. म्या सांगतलं होतं तुमाले, मले नाई कराचं लगन. आन नाव काढाचा अर्ज काहून पाठवला? बाबाचा अंगठा हाय त्याच्यावर. सोमवारी बाईनं माह्यं नाव कापलं. दुसरी पोरगी आली माह्या खाटेवर. म्या खाली निजून राह्यली. बाबाले मालूम असतं त त्याईनं असं केलं नसतं." आणि मग शिस्तीत म्हणाली, "झालं."

 मी घड्याळाकडे पाहिलं. अर्धं मिनिट. लाइन तुटली की काय म्हणून मी विचारणार होते. तेवढ्यात गावाकडून आवाज आला. म्हातारा मोठ्याने बोलत होता, कारण अकोला लांब आहे.

"शांता. मी आहो."

 मला तिचा श्वास तेवढा येत होता.

"काय सांगत होती ते मले सांग. पयल्यापासून सांग."

तिने पुन्हा सांगितलं. या वेळी रडत सांगितलं, म्हणून जास्त वेळ लागला. बापासमोर पोरगी आपल्या लग्नाचं बोलते, तेही नाही म्हणून, हे त्या घरात तोवर झालं नसेल. तीन मिनिटं झाली. नियमाप्रमाणे मी 'तीन मिनिटं' म्हणून बोलायला पाहिजे होतं. मी बोलले नाही. एकदा नियम बनवायला लागलं की मोडायलाही सोपं जातं. तो मधे मधे फक्त हं करत होता. अर्जाचं विचारलं, अर्जावर काय लिहिलं होतं. ती म्हणाली, घरी लग्न ठरलं, शिक्षण सोडत आहे. तो म्हणाला, देवरावने त्याच्याकडून सुटीचा अर्ज म्हणून अंगठा घेतला होता. शेवटी म्हणाला, "बरं. रविवारी येऊ नको. जेवत जाय." आणि संपलं.

चोंगा त्याने जागेवर ठेवला नाही, टेबलावर ठेवला. त्याला कुठे ठेवतात ते माहीत नव्हतं, आणि पुठ्ठ्यावर तेही लिहायचं राहिलं होतं. त्यामुळे ती खोली मला ऐकू येत राहिली. मी ऐकायला नको होतं. ऐकलं. तुळशीरामने पाणी मागितलं. प्यायला. मग भावाला म्हणाला, "देवराव, सोयऱ्याईकडं निरोप तूच घेऊन जाय. तुले निरोप चांगला देता येते."



मला त्या संध्याकाळी मोठा पराक्रम केल्यासारखं वाटलं. खोटं कशाला बोलू? घरी जाताना मी चालत गेले नाही, तरंगत गेले. एक पोरगी वाचली, माझ्या दोरीने. देवरावने तक्रारही केली नाही. उलट तो महिनाभर मास्तरांना विचारत होता, तो नियमाचा कागद आला का. गावात मात्र त्या दिवसापासून बाप लोक चोंगा धरायला लागले. कागदाची वाट कोणी पाहिली नाही. हळूहळू बायाही धरायला लागल्या. लोकांना फोन सोपा करून देण्यासाठी मी एवढा पुठ्ठा रंगवला, पण काम झालं ते थापेने. हा माझा पराक्रम मी पुढे कितीतरी वर्षं सांगत आले. एक्स्चेंजमध्ये नवीन पोरी लागल्या की त्यांना सांगायची. इथपर्यंतच सांगायची.

पुढचं असं. सोमवारी सकाळी तुळशीराम स्वतः आमच्या एक्स्चेंजमध्ये आला. पांढरा सदरा, खांद्यावर दुपट्टा, पायात माती. चोंगा हाती देणारी बाई कोणती, असं दारातच विचारलं. मी हात वर केला. त्याने जय भीम केला, मीही केला. त्याला अकोल्याच्या नर्सिंग शाळेच्या मोठ्या बाईशी बोलायचं होतं. कोणाला सोबत आणलं नव्हतं. खिडकीजवळ फोन होता, तिथे उभा केला. त्या दिवशी नशिबाने कॉल वीस मिनिटांत लागला.

त्याने चोंगा बरोबर धरला. नाव सांगितलं, गाव सांगितलं, पोरीचं नाव सांगितलं. अंगठा माझाच आहे, पण अर्ज माझा नाही, पोरीचं नाव परत घ्या. एकेक शब्द सुटा. सातवी शिकलेल्याला जमलं नसतं असं बोलला. मोठ्या बाईही चांगल्या होत्या, त्यांनी नीट ऐकून घेतलं. पण म्हणाल्या, जागा भरली. यादीतल्या पुढच्या मुलीला आम्ही तार करून बोलावलं, ती हजर झाली, तिला कसं काढू? अर्ज नऊ दिवसांपूर्वी, शनिवारी हातात आला होता. गेल्या सोमवारी नाव कापेपर्यंत, त्या दोन दिवसांत, तुमचा एक शब्द आला असता तरी मी अर्ज फाडून टाकला असता. पुढच्या वर्षी बघू.

पुढच्या वर्षी शांताचं प्रवेशाचं वय उलटलं होतं. तिचं लग्न त्या ग्रामसेवकाशी झालं नाही, एवढं खरं. गावातल्या बालवाडीत ती लागली आणि तिथेच राहिली. पोरांना खरचटलं की पट्टी फार चांगली बांधते, असं मास्तर मला एकदा म्हणाले होते.

पण हे सगळं नंतरचं. त्या सोमवारी तुळशीरामने चोंगा जागेवर ठेवला, बरोबर ठेवला, आणि माझ्या बोर्डाजवळ येऊन उभा राहिला. मला वाटलं, आभार मानणार. मी तोंडही तसं केलं होतं.

त्याने विचारलं, "बाई, पयल्या फोनात पोरगी काय म्हन्ली होती?"

शपथेप्रमाणे उत्तर एकच होतं, मला माहीत नाही. ते मला देता आलं नाही. मी म्हटलं, "हेच म्हणाली होती."

"तुमी आयकलं होतं?"

"ऐकलं होतं."

"मंग काहून नाई सांगतलं?"

मी म्हटलं, "आम्हाला ऐकलेलं सांगता येत नाही. नियम आहे तसा."

त्याने मान हलवली. नियम असतो हे त्याला पटण्यासारखं होतं. थोडा वेळ बोर्डाकडे, दोऱ्यांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "आन बापानंच बोलाव, हा नियम?"

"तो नव्हता. तो मी केला."

हे मी जरा अभिमानानेच म्हटलं असणार. त्याने बोटांवर काहीतरी मोजलं. शुक्रवार, शनिवार, रविवार, सोमवार. त्याच्या आवाजात राग नव्हता, मी शपथेवर सांगते. एखादं काम कसं करायला पाहिजे होतं ते समजावून सांगावं, तसा तो म्हणाला,

"मंग तो पयल्याच शुक्रवारी कराचा होता ना, माय."